कोपराला दुर्बीण उशिरा मिळाली

न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि कोपर या कामाच्या सोयीचं नाही, असा निर्वाळा १९३१ साली दिला. आतली जागा अरुंद, त्या मानाने नळी जाड. पुढच्याच वर्षी त्यांनी कोपरावर वेगळा निबंध लिहिला खरा, पण दुर्बिणीतून कोपराची शस्त्रक्रिया रुळायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. ही मधली वर्षं वाया गेली, असं मला वाटत नाही.

गुडघा तोवर फार पुढे गेला होता. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घातली. क्षयाने गुडघा आखडला की जपानी माणसाला जमिनीवर पाय दुमडून बसता येत नसे. तिथल्या जगण्यात हे मोठंच अपंगत्व. आजार वेळीच ओळखता यावा, म्हणून ती धडपड. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतूनच गुडघ्यातली फाटलेली गादी काढली.

कोपराला मात्र नसांचा विळखा. आतल्या उंचवट्यामागून जाणारी, कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी नस सर्वांच्या ओळखीची आहे. पुढच्या बाजूच्या नसा तर सांध्याच्या आवरणाला जवळजवळ टेकलेल्या असतात. सांध्यात सलाईन भरलं की त्या हाडापासून लांब सरकतात, पण आवरणापासून नाही. म्हणून आखडलेलं आवरण कापायची वेळ आली की धोका होता तेवढाच राहतो. कुठून शिरायचं, रुग्णाला उताणं झोपवायचं, पालथं की कुशीवर, हे ठरवण्यात शल्यचिकित्सकांनी वर्षं घालवली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००१ मध्ये ४७३ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. चार वेळा सांध्यात जंतुसंसर्ग झाला, दहा रुग्णांच्या नसा तात्पुरत्या दुबळ्या झाल्या. कायमची इजा एकाही नसेला नव्हती. आपल्या चुका इतक्या उघडपणे मोजणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

कोपराचा झिजेचा संधिवात मुख्यतः हातांनी जड काम करणाऱ्या पुरुषांना गाठतो. सांध्याच्या कडांना हाड वाढतं, सुटे तुकडे आत फिरतात, आणि हात पूर्ण सरळ करताना किंवा पूर्ण दुमडताना कळ येते. भरलेली बादली उचलणंही जड होतं. दुर्बिणीतून ते वाढीव हाड घासून काढता येतं, तुकडे बाहेर घेता येतात. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही. हालचालीच्या मधल्या टप्प्यातच हात दुखत असेल, तर या शस्त्रक्रियेकडून फार आशा धरू नये.

हे स्पष्ट सांगायला हवं, कारण गुडघ्याचा अनुभव समोर आहे. ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली यांनी २००२ मध्ये १८० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींचा झिजलेला गुडघा दुर्बिणीतून साफ केला होता, काहींच्या कातडीला नुसते छेद दिले होते. दोन वर्षांनंतरही दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. तोवर असंख्य गुडघे साफ करून झाले होते. कोपरात हाडाची प्रत्यक्ष आडकाठी असते, त्यामुळे इथे गुण येण्याला सबळ कारण आहे. पण त्याचे पुरावे बहुतांशी शल्यचिकित्सकांनी आपल्याच रुग्णांच्या ठेवलेल्या नोंदींतले आहेत. गुडघ्यासारखी कठोर चाचणी कोपराचीही व्हावी, आणि ती हे ऑपरेशन गावोगाव सर्रास होऊ लागण्याआधी व्हावी.