१२ व्होल्टचा माल, ६० अँपिअरची जबाबदारी



डेटा सेंटर आणि मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सर्व्हर बदलतात. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईच्या ऐरोली, महापे भागात अशी सेंटर कितीतरी आहेत. जुन्या सर्व्हरमधून निघालेले पॉवर सप्लाय मग सेकंडहँड बाजारात स्वस्तात येतात. तिथून आणायचे आणि इथे जरा जास्त भावाने विकायचे, असा धंदा अनेकांच्या डोक्यात आहे. माझं मत स्पष्ट आहे: माल चांगला आहे, पण नुसता सप्लाय विकू नका.

आधी माल समजून घ्या. ७५० वॅटचा सप्लाय म्हणजे ७५० भागिले १२, साधारण ६२ अँपिअर. एवढा करंट देणारा नवा १२ व्होल्टचा सप्लाय चांगलाच महाग पडतो. गिऱ्हाईकही आपल्याकडेच आहे. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज, खामगावचं शासकीय तंत्रनिकेतन, तालुक्यातल्या आयटीआय इथली प्रोजेक्ट करणारी पोरं. गाडीचा अँप्लिफायर टेबलावर तपासणारे मेकॅनिक. एलईडी बोर्ड बनवणारे.

आता धोका. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. पण या सप्लायचं आतलं संरक्षण ६० अँपिअरच्या पुढे जागं होतं. पोराने लावलेली बारीक वायर त्याच्या कितीतरी आधी लाल होऊन पेटते. म्हणून प्रत्येक आउटपुटला वेगळा फ्यूज पाहिजेच. ४ चौरस एमएमची वायर आणि गाडीत लागतो तसला २० अँपिअरचा फ्यूज, खर्च फार नाही. अर्थिंगची तीन पिनची वायर द्या. आतला पंखा आवाज करतो म्हणून काढू नका. आणि सप्लाय खोलायचा तर अजिबात नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

हा सप्लाय नुसता प्लग लावून चालू होत नाही. ठरावीक पिना जोडाव्या लागतात आणि ती जोडणी मॉडेलप्रमाणे बदलते. सुरुवातीला एकच मॉडेल धरा, त्याची जोडणी पक्की शिका. लेबलवरचा इनपुटही वाचा. काही सप्लायना २०० व्होल्टच्या वर लाइट लागते. संध्याकाळी ज्या गावात व्होल्टेज पडतो, तिथे तो माल बंद पडणार आणि शिव्या तुम्हाला.

तपासणीसाठी महागडं मशीन नको. ५५ वॅटचे हेडलाइटचे सहा बल्ब पॅरलल जोडा, साधारण २७ अँपिअर लोड झाला. अर्धा तास चालवा, मल्टिमीटरवर व्होल्टेज लिहून ठेवा. तो आकडा आणि तारीख डब्यावर चिकटवा.

एक गिऱ्हाईक मात्र परत पाठवा. फवारणी पंपाची बॅटरी चार्ज करायला हा सप्लाय मागणारा शेतकरी येईल. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १२ व्होल्टने पूर्ण भरत नाही, तिला १४ च्या आसपास लागतात. त्याला नीट चार्जर घ्यायला सांगा. आजची विक्री जाईल, गिऱ्हाईक राहील.

आता हिशोब. समजा, ८०० रुपयांचे १० नग आणले आणि एक मेलेला निघाला. चालणारा नग जवळपास ८९० ला पडला. वाहतूक १०० धरा. तसाच १,२०० ला विकला तर उरले २१०, आणि एक नग परत आला की चार-पाच नगांची कमाई गेली. आता डबा, फ्यूज, वायर, टर्मिनलचे ५००, मजुरी २००, वॉरंटीसाठी बाजूला १०० धरा. नग १,७९० ला पडला. २,४०० ला विकला तर ६१० उरतात. आकडे तुमच्या बाजारातले टाका, पण मेलेला नग आणि वॉरंटी धरल्याशिवाय कॉस्टिंग पूर्ण होत नाही.

कागदाचं पण बघा. जुन्या मालाला जीएसटीत मार्जिनवर कर भरायची सोय आहे, पण त्याला अटी आहेत. डब्यात बसवून विकलेला माल त्यात बसतो का, हे सीएला आधीच विचारा. २०२२ चे ई-कचरा नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत, म्हणून मेलेले नग उकिरड्यावर टाकायचे असं नाही. साठवा आणि नोंदणीकृत रिसायकलरला द्या.

बिलावर 'वापरलेला, तपासलेला, तीन महिने वॉरंटी' असं सरळ लिहा. जुना माल नवा म्हणून खपवणारे बाजारात भरपूर आहेत. जुना माल जुना म्हणूनच विकून जो मागे उभा राहतो, त्याच्याकडे पोरं पुढच्या बॅचलाही येतात.

एकदम पन्नास नग उचलू नका. दोन आणा, डब्यात बसवा, आठवडाभर स्वतः वापरा. मग ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.