शिसे नसलेली गोळी

शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. वस्तू बदलते, नाव तेच राहते, हे पटवायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. पोरे हसतात, वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत विसरतात. यंदापासून त्याला बंदुकीच्या गोळीची जोड देणार आहे. श्रेय आमच्या मेहुण्यांचे.

मेहुणे म्हणजे सौ.चे धाकटे बंधू. अमेरिकेत टेक्सासला असतात आणि हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात. तिथे ती रीतसर परवान्याने, ठराविक दिवसांत करता येते. यंदा आंब्याच्या दिवसांत बायको आणि चार वर्षांची चिमणी यांना घेऊन ते आमच्याकडे शहापूरला आले. पहिल्याच दिवशी सौ.ने वरणाला फोडणी देताना हळदीचा डबा उघडला आणि मागे न पाहताच विचारले, "घालू ना रे हळद? की आधी तपासून आणतोस?"

मेहुण्यांनी मान खाली घातली. टोमणा तीन वर्षांचा जुना होता.

चिमणी वर्षाची झाली तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे तिचे रक्त तपासले. रक्तात शिसे निघाले. फार नव्हते, पण अमेरिकन आरोग्य खात्याने २०२१ साली मुलांसाठी ठरवलेल्या रेषेच्या, म्हणजे डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या, थोडे वर. तेवढ्यानेही आईबापांची झोप जाते, कारण लहान मुलाच्या मेंदूला शिशाचे निर्धोक असे प्रमाणच नाही. डॉक्टरीणबाईंनी यादी काढली: घराचा जुना रंग, पाण्याचे नळ, सुरमा, आणि देशाहून आलेले मसाले. प्रश्न अगदीच गैर नव्हता. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तीत लेड क्रोमेट मिसळण्याचे पाप आपल्याकडे आणि बांगलादेशात झालेले आहे. पण आमची सौ. हळकुंडे स्वतः निवडते, वाळवते आणि गिरणीत समोर उभी राहून दळून आणते. त्या हळदीची पुडी भावाने प्रयोगशाळेत धाडली, हे तिला फोनवर कळले. नंतर पंधरा दिवस तिकडचा फोन मीच घेत होतो.

हळद निर्दोष सुटली. मग दुसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, "घरात शिकारीचे मांस खाता का?"

खात होते तर! बर्फाच्या कपाटात हरणाचा खिमा भरलेला होता. चिमणीला पहिल्यांदा वरचे अन्न सुरू केले ते त्याच्याच सूपाने. त्याआधी तिची आई गरोदरपणी तेच खात होती, कारण मांस ताजे, बिनचरबीचे, नवऱ्याने कष्टाने आणलेले. मेहुण्यांनी चार पाकिटे ओळखीच्या पशुवैद्याकडे नेऊन त्यांचे क्ष-किरण चित्र काढून घेतले. तीन पाकिटांत पांढरे ठिपके होते. रव्याच्या कणाएवढे, काही त्याहून बारीक. मेहुणे हे हसत सांगत होते, पण त्यांची बायको शेंगा सोलत होती ती मान वर करीना.

शिसे मऊ. रायफलीची गोळी हरणाच्या अंगात शिरताच तिचे तोंड चपटे होते, म्हणून तर शिकाऱ्यांना ती आवडते. पण त्या वेगात शिशाचे शेकडो कण उडतात आणि जखमेपासून वीतभर दूरही जातात. जखमेभोवतीचे मांस कापून टाकले तरी ते राहतात, आणि खिम्याच्या यंत्रात सगळीकडे पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांना दान आलेले हरणाचे मांस याच कारणाने टाकून द्यावे लागले. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी गिधाडे खातात. कॅलिफोर्नियातले कॉन्डॉर हे प्रचंड गिधाड १९८२ साली जगात अवघे २२ उरले होते. त्यांचे प्राण घेणाऱ्या गोष्टींत शिसे अग्रभागी होते, आणि आजही आहे. त्या राज्याने २०१३ साली कायदा करून २०१९ च्या जुलैपासून शिकारीत शिशाची गोळी पुरती बंद केली. आपली गिधाडे गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने गेली आणि ते औषध गुरांसाठी २००६ साली बंद झाले. दोन्हीकडे विष पोचले ते मेलेल्या जनावराच्या पोटातून. टेक्सासमध्ये मात्र असली सक्ती नाही. मेहुण्यांनी शिसे सोडले ते कायद्याने नव्हे, त्या पांढऱ्या ठिपक्यांनी.

बाबा, म्हणजे माझे वडील, इतका वेळ झोपाळ्यावर गप्प होते. म्हणाले, "आमच्या लहानपणी मांसात दाताखाली छर्रा आला की पोरं खूश व्हायची. ज्याला सापडेल तो नशीबवान!" आजोबांकडे भरमार होती. शिसे चुलीवर वितळवून ते गोळ्या ओतीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते सगळे बंद झाले, आणि आता कोक्याच्या अभयारण्यात चितळ आपण नुसते पाहतो, ठीकच आहे.

मग मेहुण्यांनी मोबाइलवर नव्या गोळीचे चित्र दाखवले. (गोळीच का आणली नाही, असे मी विचारले. विमानतळावर खिशात नुसते एक काडतूस सापडले तरी मुक्काम आमच्याकडे होण्याऐवजी चौकीत होतो, असे उत्तर मिळाले.) गोळी सबंध तांब्याची. तोंडाशी पोकळी. आत शिरली की चार पाकळ्यांचे फूल होते, आणि वजन जवळजवळ सगळे शाबूत. बार्न्स नावाच्या कंपनीने असली गोळी १९८९ साली बाजारात आणली तेव्हा तिच्यामागे गिधाडांची काळजी नव्हती; गोळी फुटू नये एवढाच हेतू होता.

पण शिसे काढले नि तांबे घातले, इतके ते सोपे नाही. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची केली तर लांब होते. लांब गोळीला हवेत नीट राहायला नळीच्या आट्यांची फिरकी जास्त लागते, आणि पुंगळीत ती दारूची जागा खाते. मेहुण्यांच्या .३०८ रायफलीचे आटे बारा इंचांत एक वेढा घेणारे. आधी ते १६५ ग्रेनची शिशाची गोळी वापरीत. (ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, साधारण अर्धी गुंज.) त्यांनी हौसेने १६८ ग्रेनची तांब्याची घेतली, तर शंभर यार्डांवर गोळ्या तीन-तीन इंच विखरू लागल्या. १३० ग्रेनवर उतरले तेव्हा इंचात बसल्या. हलकी गोळी वेगाने जाते, आणि तांब्याला वेगच हवा. सेकंदाला दोन हजार फुटांखाली गती आली की पाकळ्या नीट उमलत नाहीत आणि जनावर जखमी होऊन निघून जाते. म्हणून दोनशे यार्डांपलीकडे मेहुणे चाप ओढीत नाहीत.

काडतुसे ते घरीच भरतात. वापरलेल्या पुंगळीची जुनी टोपी काढायची, पुंगळी दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. शिशाच्या गोळीचे दारूचे कोष्टक तांब्याला चालत नाही. त्याच गोळीचे छापील कोष्टक घ्यायचे, सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात करायची, थोडे थोडे चढायचे. गोळी आट्यांना टेकवायची नाही, सव्वा मिलिमीटर मागे ठेवायची, नाहीतर दाब चढतो.

"दारू किती अचूक तोलतोस?" बाबांनी विचारले.

"ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, बाबा."

बाबांचा चेहरा खुलला. ते आमच्या शेजारच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. तोफा-बंदुकांची दारू तिथे होते. 'बाबा दारूच्या कारखान्यात होते' म्हटले की परगावचे लोक दचकतात. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट होऊन कामगार गेले, त्यानंतर दारूचा विषय बाबा स्वतःहून काढीत नाहीत. त्या दिवशी काढला.

"आणि टोपीत काय असतं?"

मेहुणे थबकले. "टोपीत... शिसंच, बाबा. लेड स्टिफ्नेट."

"मग काम झाल्यावर हात धुतोस? त्याच कपड्यांनी पोरीला उचलतोस?"

"हात धुतो. कपडे..." मेहुणे थांबले.

"दारू कुठे ठेवतोस?"

"गॅरेजात. लोखंडी पेटीत, कुलूप लावून."

"वर कोणाची खोली?"

उत्तर यायला वेळ लागला. वर चिमणीची खोली होती.

बाबा रागावले नाहीत. कारखान्यात नव्या पोराला शिकवताना बोलत असतील तसे बोलले. "घट्ट लोखंडात कोंडू नको, बापू. मोकळी असली तर ती जळते. कोंडली की फोडते. कंपनीच्या डब्यातच ठेव, लाकडी पेटीत, घरापासून वेगळी. पोरीच्या खोलीखाली नको."

परत गेल्यावर आठ दिवसांनी मेहुण्यांचा फोन आला. परसात लाकडी पेटी केली होती आणि कामाचे कपडे बाहेरच्या खुंटीवर टांगले होते. बाबांनी पेटीच्या फळीची जाडी विचारली.

निघताना सौ.ने त्यांच्या सामानात किलोभर हळद दिलीच होती. पुडीवर तिने शाईने लिहिले होते: 'तपासलेली.'