विश्लेषण : ३० कोटी टन पोलादाचे लक्ष्य... पण भट्टीसाठी कोळसा कुठून आणणार?

राष्ट्रीय पोलाद धोरण २०१७ नुसार भारताला २०३०-३१ पर्यंत पोलादाची उत्पादनक्षमता ३० कोटी टनांवर न्यायची आहे. २०२४-२५ मध्ये ती २० कोटी टनांच्या घरात होती. मागणी आणि लोहखनिज दोन्ही देशात आहे. खरी अडचण इंधनाची आहे.

मागणी किती वाढू शकते?
भारत २०१८ मध्ये जपानला मागे टाकून जगातील दुसरा मोठा पोलाद उत्पादक बनला. तरीही देशातील दरडोई वापर वर्षाला साधारण १०० किलो आहे. जगाची सरासरी २०० किलोंच्या वर आहे. घरे, रेल्वे, मेट्रो आणि वाहने यांची गरज पाहता वाढीला भरपूर वाव आहे.

कोळशाचे कोडे काय?
ब्लास्ट फर्नेसमध्ये खनिजापासून लोखंड वेगळे करण्यासाठी कोक लागतो. तो कोकिंग कोळशापासून बनतो. झारखंडमधील झरियात हा कोळसा आहे, पण त्यात राखेचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे गरजेच्या सुमारे ८५ टक्के कोळसा ऑस्ट्रेलियासह इतर देशांतून येतो. हे अवलंबित्व ६५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्टही २०१७ च्याच धोरणात होते. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

युरोपच्या कार्बन शुल्काचा फटका कसा?
भारतात एक टन पोलाद बनवताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जागतिक सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादावर उत्सर्जनानुसार शुल्काची व्यवस्था लागू केली आहे. युरोप ही भारतीय पोलादाची मोठी बाजारपेठ असल्याने त्याची झळ निर्यातीला बसणार.

पर्याय कोणते?
भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीला कोक लागत नाही. जालन्यातील सळ्यांचे कारखाने याच पद्धतीवर उभे राहिले. मात्र तिथे विजेचा दर आणि भंगाराचा पुरवठा यावरच नफा ठरतो. हायड्रोजनवर लोखंड बनवण्याच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी केंद्राने ४५५ कोटी रुपयांची तरतूद केली आहे. हा मार्ग अजून महाग आहे.

निर्णय आताच का महत्त्वाचा?
ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की मोठ्या दुरुस्तीपर्यंत १५ ते २० वर्षे चालते. आज उभी राहणारी प्रत्येक भट्टी २०४० नंतरही आयात कोळसाच मागेल. म्हणून नव्या प्रकल्पांना सवलती देताना केवळ किती टन उत्पादन होणार एवढेच पाहून चालणार नाही. कोळसा धुण्याचे प्रकल्प, भंगार गोळा करण्याची यंत्रणा आणि भट्ट्यांना परवडणारी स्वच्छ वीज यांनाही तेवढेच प्राधान्य हवे. तसे झाले नाही, तर ३० कोटी टनांचे लक्ष्य गाठूनही पोलादाचा भाव परदेशातील कोळसा खाणींवरच ठरत राहील.