डास नव्हे, वाळूमाशी!

पावसाळा तोंडावर आला की धुराची गाडी फिरवा, गटारीत औषध मारा, अशी मागणी होते. डासांसाठी ती योग्यच. पण चंडीपुरा तापाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही.

हा विषाणू आपल्याच राज्यातला. नागपूरकडील चंडीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो १९६५ साली सापडला. पुढे बरीच वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली, तेव्हा सारे जागे झाले. विदर्भातही तो अधूनमधून डोके वर काढतो. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले व ८२ मृत्यू झाले. त्यांपैकी ६४ रुग्णांत हाच विषाणू निघाला.

तो पसरवते वाळूमाशी. डासाहून कितीतरी लहान, केसाळ, आवाज न करणारी. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही ती आत शिरते. ती पाण्यात अंडी घालत नाही. भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर माती, शेण, पालापाचोळा, ही तिची जागा. शिवाय मादीच्या अंड्यांतून विषाणू पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे गावात रुग्ण नसला तरी तो टिकून राहू शकतो.

आता कसबा बावड्याकडे पाहा. घराला लागून गोठा, दगडमातीच्या जुन्या भिंती, पंचगंगेच्या पुराची ओल. म्हशी हलवा, असे कोल्हापुरात कोण म्हणेल? धारोष्ण दुधावर पोसलेली ही पेठ! पण भिंतीच्या भेगा चुना-सिमेंटने बुजवता येतात, शेण रोज घरापासून दूर नेता येते. माशी फार उंच उडत नाही. म्हणून महापालिकेने रस्त्यावरच्या धुरापेक्षा गोठ्यांच्या व घरांच्या भिंतींवर पुरुषभर उंचीपर्यंत औषध फवारावे. धूर दिसतो, फवारलेली भिंत दिसत नाही, एवढीच अडचण!

यावर लस नाही, खास औषधही नाही. लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके, गुंगी आली तर अंगारे-धुपारे करीत बसू नये. एक-दोन दिवसांत मूल हातचे जाऊ शकते. रात्र असली तरी तडक सीपीआर गाठावे.