नळीवरचे नाव

दात घासण्याची पेस्ट वाळू नये, नळीतून मऊ निघावी, ही कामगिरी ग्लिसरिनची. डायइथिलीन ग्लायकॉलही तसेच दाट, गोड आणि वर स्वस्त. मात्र पोटात गेल्यास ते मूत्रपिंडे निकामी करते. पनामात २००६ मध्ये ग्लिसरिनच्या नावाने विकलेले हे द्रव्य खोकल्याच्या औषधात गेले आणि अनेकांचे बळी पडले. पुढल्याच वर्षी एदुआर्दो आरियास या सामान्य ग्राहकाने तेच नाव दुकानातील चिनी पेस्टच्या नळीवर वाचले व सरकारी कचेरी गाठली. विष लपवलेलेही नव्हते. फक्त ते कोणी वाचले नव्हते!

मुंबईने हे १९८६ मध्येच भोगले आहे. जे. जे. रुग्णालयात असल्याच ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध नियंत्रण यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. तेव्हा विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विसंबून न राहता ग्लिसरिनचे प्रत्येक पिंप कारखान्याच्या दारातच तपासले गेले पाहिजे, मग माल औषधाचा असो वा दंतमंजनाचा. आणि नळीवरील घटकांची नावे भिंगावाचून, मराठीतही, वाचता यावीत.