सदाफुलीचा काढा आणि रक्ताचा कर्करोग

मधुमेहावर सदाफुलीची पानं चांगली, असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत भेटतं. सकाळी अनशापोटी तीन-चार पानं चावून खायची, नाहीतर काढा करून प्यायचा. कुंपणाला, देवळाच्या आवारात, फुटक्या कुंडीतही बारा महिने फुलणारं हे झुडूप मूळचं मादागास्करचं. पण मधुमेहावरचा हा उपाय जमैकातही चालत होता, फिलिपिन्समध्येही चालत होता आणि आपल्याकडे आजही चालतो.

१९५२ साली जमैकाहून एक पाकीट कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्या हाती पडलं. आत सदाफुलीची २५ पानं होती. तिथले लोक या पानांचा चहा मधुमेहावर पितात, त्यात तथ्य आहे का ते पाहावं, अशी विनंती होती. डॉ. नोबल निवृत्त झाले होते. त्यांनी ती पानं धाकट्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली.

पानांचा अर्क प्राण्यांना पाजला, साखर काही हलली नाही. मग तो उंदरांच्या शिरेतून टोचला. साखर तरीही जागच्या जागी, पण आठवडाभरात उंदीर मरू लागले. ‘विषारी, निरुपयोगी’ असा शेरा मारून विषय तिथेच मिटवता आला असता. नोबल यांनी मेलेले उंदीर उघडून पाहिले. अंगात ठिकठिकाणी गळवं झाली होती, जंतुसंसर्ग सर्वत्र पसरला होता. कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या होत्या आणि त्या जिथे तयार होतात ती अस्थिमज्जाच दबली होती. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रोग म्हणजे रक्ताचा कर्करोग. मधुमेहासाठी आलेल्या पानांचा रोख आता तिकडे वळला.

आता प्रश्न होता, पानातलं नेमकं काय हे घडवतं. पानात अल्कलॉइड आहेत की नाहीत, हे कळायला फार वेळ लागत नाही. ड्रॅगनडॉर्फचं द्रावण घातलं की नारिंगी साका येतो. फार्मसीची मुलं सुरुवातीच्या वर्षांतच हे शिकतात. चहातलं कॅफिन, तंबाखूतलं निकोटिन, अडुळशाच्या पानातलं व्हॅसिसिन ही सारी याच गोतावळ्यातली नायट्रोजनयुक्त संयुगं. पण नारिंगी साका एवढंच सांगतो की या वर्गातलं काहीतरी आहे. ते शरीरात काय करतं, किती मात्रेत करतं, की काहीच करत नाही, याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. आपल्याकडे वनस्पतींवरचे कितीतरी प्रकल्प आणि शोधनिबंध नेमके या साक्यापाशी थांबतात आणि शेवटच्या परिच्छेदात ‘औषधी गुणधर्म सिद्ध’ असं लिहून मोकळे होतात. हे थांबायला हवं. शोधाची खरी सुरुवातच तिथून पुढे होते.

पुढे काय करायचं असतं, ते चार्ल्स बीअर यांच्या कामात दिसतं. हे रसायनशास्त्रज्ञ १९५४ साली नोबल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. अल्कलॉइड काढण्याची रीत त्यांच्या अल्कधर्मी स्वभावावर बेतलेली असते. आम्ल घातलं की त्यांचा क्षार होतो आणि ते पाण्यात उतरतात. अल्क घातलं की पाणी सोडून सेंद्रिय द्रावकात जातात. असं खालीवर करत पानातलं हरितद्रव्य, मेण, साखर मागे टाकायची. उरलेलं मिश्रण अल्युमिनाच्या स्तंभातून सोडायचं म्हणजे घटक एकेक करून वेगळे होतात. यातला प्रत्येक भाग पुन्हा उंदराला टोचायचा आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या. ज्या भागाने पेशी घटतात तो ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग पाडायचे, पुन्हा मोजायचं. या वाटेने बीअर एका शुद्ध, स्फटिकरूप पदार्थापर्यंत पोचले. तोच व्हिनब्लास्टिन.

१९५८ साली न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत हे काम मांडलं गेलं, तेव्हा एली लिली कंपनीतले संशोधकही त्याच झुडपावर काम करत असल्याचं समोर आलं. त्यांनीही मधुमेहाच्या लोकसमजुतीवरूनच ते तपासायला घेतलं होतं, आणि त्यांना गवसला तो ल्युकेमिया झालेल्या उंदरांचं आयुष्य वाढवणारा अर्क. त्या कंपनीतल्या गॉर्डन स्वोबोडा यांच्या हाती पुढे व्हिनक्रिस्टिन लागलं.

या दोन रेणूंमध्ये फरक आहे तो एका कोपऱ्यातला. व्हिनब्लास्टिनमध्ये नायट्रोजनला मिथाइल गट जोडलेला आहे, व्हिनक्रिस्टिनमध्ये त्याच जागी फॉर्मिल. बाकी सांगाडा तोच, कामही एकच: पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना ओढणारे सूक्ष्मनलिकांचे दोर तयारच होऊ द्यायचे नाहीत. पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते आणि मरते. पण एवढ्याशा बदलाने व्हिनब्लास्टिनचा फटका मुख्यतः अस्थिमज्जेला बसतो, तर व्हिनक्रिस्टिनचा नसांना. ‘सदाफुलीचा अर्क’ असं मोघम म्हणून चालत नाही, ते यासाठीच.

व्हिनक्रिस्टिन हाती आलं तेव्हा मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हणजे जवळपास मृत्यूचं फर्मान होतं. आज चांगले उपचार मिळालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. यात अनेक औषधांचा एकत्रित वाटा आहे, पण व्हिनक्रिस्टिन त्यात सुरुवातीपासून आहे. परळच्या टाटा रुग्णालयात १९८४च्या सुमारास सुरू झालेल्या, एमसीपी-८४१ नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीतही ते होतं. त्याची मात्रा एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जातो.

आणि हे मिळतं किती? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. व्हिनक्रिस्टिन तर त्याहूनही कमी. याचं एक सुंदर स्पष्टीकरण कॅनडातल्याच ब्रॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दिलं. व्हिनब्लास्टिन कॅथरँथिन आणि विंडोलिन अशा दोन रेणूंच्या जोडणीतून बनतं. पण कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात जाऊन बसतं आणि विंडोलिन आतल्या पेशींत राहतं. दोघांची गाठच फारशी पडत नाही. २०२२ साली हे दोन्ही रेणू यीस्टकडून बनवून घेण्यात यश आलं, त्यासाठी यीस्टमध्ये वनस्पतीची तीसेक विकरं बसवावी लागली.

तरीही पानात औषध सापडणं ही भाग्याचीच गोष्ट. पानं खुडली तरी झाड फुटतं, आणि सदाफुली तर शेतात लावता येते. तमिळनाडूत तिची शेती होते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं तसं झालं नाही. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड शोधलं. पुढे ते आपल्या नरक्यातही भरपूर असल्याचं मुंबईच्या गोरेगावातल्या सिबा संशोधन केंद्राने दाखवलं. पण ते मुख्यतः खोडात आणि मुळात. परिणामी घाटातली झाडंच्या झाडं तोडून विकली गेली. अशा वनस्पतींवर काम करणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी खोडाआधी पानांकडे पाहावं, आणि साक्यावर न थांबता प्रत्येक भागाची जैविक चाचणी करावी. त्यासाठी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन विभागांमधलं दार उघडं ठेवावं लागेल.

राहिला प्रश्न सकाळच्या तीन-चार पानांचा. सदाफुलीच्या अर्काने प्राण्यांमधली साखर उतरल्याचे निष्कर्ष पुढे काही प्रयोगांत आले आहेत. पण त्यावरून माणसाने किती पानं खावीत हे ठरत नाही, आणि त्याच पानात शंभराहून अधिक इतर अल्कलॉइडही पोटात जातात. ती खाणाऱ्याने निदान आपल्या डॉक्टरांना तसं सांगावं, आणि पानांच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या मुळीच बंद करू नयेत.