धान्याचा गुण आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

मांडवगडावर जाणाऱ्या प्रवाशास खुरासानी चिंचेची वाळलेली फळे विकणारे हटकून भेटतात. मूळच्या आफ्रिकेतील ह्या अवाढव्य वृक्षाच्या फळाचा गर आंबट असून त्यात 'क' जीवनसत्त्व विपुल असते. गडाभोवतीच्या माळव्यात मका, गहू, हरभरा व सोयाबीन ह्यांचा मोठा व्यापार चालतो. त्या धान्याचा व ह्या आंबटाचा संबंध निकटचा आहे. तिकडे व्यापारी बंधूंचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

बीज आपल्या अंकुरासाठी स्फुरदाचा साठा फायटिक आम्लाच्या रूपाने करून ठेवते. हेच आम्ल आतड्यांत लोह व जस्त ह्यांना बांधून ठेवते आणि ती द्रव्ये शरीरास पुरती लाभत नाहीत. चहातील टॅनिनही लोहास अडविते. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक द्रव्य तर प्रथिनांच्या पचनातच विघ्न आणते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु ताटातील लोह अंगी न लागणे हे त्यांपैकी एक होय. अशा वेळी 'कोंडा काढा, दोष जाईल' असे सांगून मैदा खपविणे सोपे आहे. पण कोंड्याबरोबर लोहही जाते, हे ग्राहकास कोण सांगणार?

मोड आणल्याने व पीठ आंबविल्याने फायटिक आम्ल घटते. तथापि आपल्यांतील कित्येक घरांत ह्या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. त्यांनी नेम मोडावा, असे आमचे म्हणणे नाही. डाळ भिजवून ते पाणी टाकावे, वाढलेल्या अन्नावर लिंबू पिळावे किंवा हा आंबट गर घ्यावा, आणि चहा जेवणानंतर तासाभराने प्यावा. 'क' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने अडलेले लोहही बरेचसे शोषले जाते. सोयाबीन मात्र चांगले शिजविल्यावाचून खाऊ नये.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ नावाचा ट्रिप्सिनरोधक नसलेले 'एनआरसी १२७' हे वाण सिद्ध केले आहे. परंतु बाजारात ते इतर दाण्यांच्या ढिगात मिसळले, तर शास्त्रज्ञांचे श्रम व शेतकऱ्याची आशा दोन्ही मातीमोल होतील. असा माल वेगळा ठेवावा, त्यास योग्य भाव द्यावा आणि सोयापिठाच्या पुडीवर ते भाजलेले आहे की कच्चे, हे स्पष्ट छापावे. माप चोख असणे हा व्यापाराचा पहिला धर्म; मालाचा गुणदोष सांगणे हा दुसरा, आणि तो पहिल्याहून उणा नव्हे.